वंय

गावडोंगरीला आलो तेव्हा माझ्या नकाशात दोनच रंग होते,
रानाला हिरवा, शेतीला पिवळा,
आणि मधली रेघ इतकी बारीक
की तिच्यावरून मुंगीही गेली नसती.

शाणू वेळीपनं नकाशा उलटा धरला,
सुलटा केला, घडी घालून परत दिला.
म्हणाला, ह्यात माझा पाट कुठे आहे?

बारा कॅमेरे होते.
चार पोफळींत बांधले, मिरवेलींच्या गारव्यात,
तीन काजूंत,
तीन शेजारच्या म्हाबळूच्या रबरात,
एक ओहळाशी.
बारावा हातात घेऊन उभा राहिलो, तर
शाणूनं हनुवटीनं दाखवलं,
वंयीत.

वंय म्हणजे कुंपण. पण हे कुणी एकानं घातलेलं नाही.
खाली चिऱ्यांचा ढासळलेला बांध,
त्यावर करवंद, घाणेरी, कुडा,
खुंट म्हणून रोवलेले आणि पालवून बसलेले पांगारे,
आणि कुणाच्या तरी लग्नात
सरपणासाठी तोडायचा राहून गेलेला एक कुंभा.
रुंदी चार पावलं.
लांबी रानापासून थेट न्हाणीच्या मागपर्यंत.

पंचवीस रात्री.
दोन हजार फोटो, बहुतेक हलत्या झावळ्यांचे.
एक गाय.
पुष्कळदा शाणूच,
पहाटे टॉवेलवर, पाटाचं तोंड फिरवताना.
काजूंत, बोंडं पडू लागल्यावर, एक जवादी,
पाठीवर ठिपक्यांच्या रांगा, नाक जमिनीला,
तलाठ्यासारखी.
रबरात काही नाही.
झाडं रांगेत, चिकाच्या वाट्या रांगेत,
खालची जमीन झाडून ठेवलेली.
रिकाम्या फोटोंतसुद्धा केवढी शिस्त!

बारा नंबरवर मात्र
रोज पावणेतीनच्या आगेमागे
काळ्या तोंडाचा, अंगाएवढ्या शेपटीचा
काटांदर.
आपण उदमांजर म्हणतो,
मांजराशी नातं अगदी लांबचं, लग्नाला न बोलावण्याइतकं.

"तो रानांतलो न्हय," शाणू म्हणाला,
"आमचोय न्हय. वंयीचो तो."

मग एका चिऱ्यावरची वाळलेली विष्ठा
त्यानं काडीनं उकलून दाखवली,
आत भेरल्या माडाच्या बिया, धुतल्यासारख्या.
वर बोट केलं. हा माड कुणी लावला, सांगा.
आज्यानं नाही, बापानं नाही.
आणि त्याच दमात,
मागल्या साली मीच फासकी लावली होती.
चार कोंबड्या नेल्या त्यानं.
सापडला नाही. बरं झालं का वाईट, ते विचारू नका.

एप्रिलात वाटण्या झाल्या.
धाकटा भाऊ मडगावहून काटेरी तार घेऊन आला.
बारा नंबरच्या शेवटच्या फोटोत
जेसीबीचा पिवळा कोपर आहे,
त्यानंतर आभाळ, तिरकं.

अकरा रात्री कुठल्याच कॅमेऱ्यावर काटांदर नाही.
मी वहीत लिहिलं, 'कड तुटली.'
खोडलं. 'संपर्क खंडित' लिहिलं.
तेही खोडलं.
जिथे चार पावलांची रुंदी मोजली होती
तिथे आता तारेची जाडी मोजायची होती
आणि माझी टेप त्यासाठी फार मोठी होती.

निघायच्या आदल्या रात्री मांगरात झोपलो होतो.
वारा पडलेला. पाटाचं पाणी तेवढं जागं.
केव्हातरी वास आला,
आंबेमोहोराचा भात रटरटत असावा तसा,
घरभर.

चूल केव्हाच विझली होती.

अंधारात शाणू उठून बसला,
दोनदा हुंगलं,
काही न बोलता बाहेर गेला
आणि खुराड्याची कडी
ओढून पाहिली.